मोटेचं तेल आणि कस्तुराबाईंची बॅट

जऊळक्याच्या कस्तुराबाई आयुष्यात एकदाही "बघू" म्हणाल्याचं कोणाला आठवत नाही. पाऊस येणार असेल तर त्या "येते" म्हणत, नसेल तर "येत नाई" म्हणत, आणि त्यांचा अंदाज चुकला तर पाऊस चुकला असं समजत. पंचवीस एकर कोरडवाहू, विहिरीखालचं थोडं ओलीत, चार बैल आणि एक नवरा असा सगळा पसारा त्या याच पद्धतीनं चालवत. नवऱ्याचं नाव शालिग्राम. रीतीप्रमाणे ते नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. हुकूम मात्र सकाळपासून निघत.

अशी बाई टेबल टेनिस कशी खेळायला लागली, याचा उगम कुरडयांमध्ये आहे.

स्टेशनाजवळ कापूस खरेदी करणाऱ्या एका विलायती कंपनीचं गोदाम होतं. स्वातंत्र्य आलं तशी कंपनी गेली, कंपनीचा साहेब गेला, आणि त्याचं हिरवं टेबल गोदामातच राहिलं, कारण ते उचलायला माणसं पुष्कळ लागत आणि ठेवायला घर कोणाकडेच तेवढं नव्हतं. शालिग्रामनं गोदाम कुटार, म्हणजे बैलांचा भुसा, भरायला भाड्यानं घेतलं. कस्तुराबाईंनी टेबल पाहिलं, त्याच्यावर हात फिरवला, हिरवा रंग कुरडईला लागत नाही असं ठरवलं आणि त्या उन्हाळ्यात सगळ्या कुरडया, सांडया टेबलावर वाळल्या. इतकं सपाट वाळवण जऊळक्यात आधी कोणी पाहिलं नव्हतं.

गावात नानाजी म्हणून रेल्वेचे निवृत्त पार्सलबाबू राहत. नोकरीची वर्षं भुसावळला काढलेली. तिथल्या रेल्वेच्या क्लबात ते हा खेळ शिकले होते, आणि निवृत्त होताना एक जाळी, दोन बॅटी आणि खेळाबद्दलची काही ठाम मतं सोबत घेऊन आले होते. कुरडयांखालचं टेबल कशाचं आहे ते त्यांनी ओळखलं. वाळवण उचललं गेल्यावर त्यांनी शालिग्रामला खेळ शिकवायला घेतला. शालिग्राम सज्जन माणूस. चेंडू आपल्याकडे आला की त्याला थोडा संकोच वाटे.

कस्तुराबाई कुटार काढायला आल्या आणि दारात उभ्या राहून थोडा वेळ पाहत राहिल्या.

"एवढंच हाय का?" त्या म्हणाल्या. "द्या इकडं."

त्यांनी पदर कमरेला खोचला, बॅट घेतली आणि भाकर थापावी तसा चेंडूवर हात मारला. चेंडू टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर आपटून कुटारात शिरला. नानाजींनी तो शोधून आणला आणि शालिग्रामकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर शालिग्रामला पुढे बरीच वर्षं पुरली.

कस्तुराबाईंना मिळालेली बॅट जुनी होती. तिच्यावरचं बारीक दाण्यांचं रबर वयानं आणि वऱ्हाडच्या उन्हानं कडक होऊन गेलं होतं. नख रोवलं तर नखच दुखे. नानाजी सांगत, "रबर जितकं कडक, तितका चेंडू त्याच्यावर कमी थांबतो. लागला की निघाला. जोरात मारणाऱ्याला कडक रबर चांगलं, कारण त्याचा सगळा जोर चेंडूच्या अंगात जातो. पण फिरकी द्यायची, चेंडू घोळवायचा, तर रबर नरम पाहिजे. नरम रबर चेंडूला क्षणभर पोटात घेतं."

"आपल्याले कोनाले पोटात नाई घ्याचं," कस्तुराबाई म्हणाल्या. "मारून मोकळं व्हाचं."

तेव्हा बॅट आणि बाई यांचं जमलं, यात नवल नव्हतं. त्यांच्याकडे एकच फटका होता, तो सपाट होता, आणि त्याचा "ठण्ण" आवाज स्टेशनापर्यंत जाई. त्या आवाजावरच त्या खेळत. समोरच्याच्या बॅटचा आवाज कानावर आला की हात आपोआप तयार होई.

तिसरा खेळाडू जगदेव. हा शालिग्रामचा थोरला चुलतभाऊ, म्हणजे कस्तुराबाईंचा भासरा. भासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत. टेबल टेनिस समोरासमोर उभं राहिल्याशिवाय खेळता येत नाही. या पेचावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी नानाजींनी निकाल दिला की मध्ये जाळी आहे, आणि जाळी म्हणजे आडपडदाच. खेळायला हरकत नाही; बोलायचं मात्र शालिग्रामच्या मार्फत. तेव्हापासून गोदामातले सामने असे होत:

"सांगा तुमच्या भावाले, चेंडू फेकताना हात दिसू द्या म्हना."

"दादा, हात दिसू द्या म्हन्ते."

"तिले म्हना, हात दिसूनच राह्यला. डोळे उघडे ठेव म्हना."

शालिग्राम दोघांच्या मध्ये उभा राहून मान इकडून तिकडे फिरवी. चेंडूसाठी फिरवायची तीच मान, त्यामुळे जास्तीचे कष्ट नव्हते.

पदर डोक्यावरून घेऊन दातांत धरायचा आणि मग फटका मारायचा, हे कस्तुराबाईंनी स्वतः बसवलं होतं. जऊळक्याबाहेर हा प्रकार कोणी खेळत असल्याचं ऐकिवात नाही.

असं तीन-चार वर्षं सुखात चाललं. चोपन्न साली जगदेव सरपंच झाला आणि कंपनीनं सोडलेलं गोदाम ग्रामपंचायतीकडे आलं. गोदामाबरोबर टेबलही आलं. जगदेवनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की टेबलाची जाळी निघेल, त्यावर चादर पडेल, आणि पंच त्याच्याभोवती बसून गावाचा कारभार करतील. खुर्च्या अकोल्याहून येणार होत्या.

कस्तुराबाई त्या दिवशी चुलीपुढून उठल्या नाहीत. शालिग्रामला त्यांनी फक्त एवढं सांगितलं, "घरात मी सून हाय, वावरात मालकीन हाय, देवळात बाई हाय. त्या टेबलापाशी मी कोनीच नाई, नुसती खेळतो. तेवढं एक राहू द्या म्हना." मग भाकरी उलटली. "नाई, असं नका सांगू. जाळी काढून तर पाहा म्हना, असं सांगा."

शालिग्रामनं दुसरा निरोप सांगितला. पहिला त्यानं स्वतःजवळ ठेवला, आणि त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

जगदेव खेळाडू माणूस. तो म्हणाला, "ठीक हाय. आखाजीले सकाळी एक डाव खेळू, एकवीसचा. ती जितली तर टेबल खेळाचं. मी जितलो तर पंचायतीचं. गावासमोर."

जगदेवच्या उदारपणाला एक कारण होतं. आदल्या दिवाळीला नागपूरला गेला तेव्हा त्यानं नव्या तऱ्हेची बॅट आणली होती. तिच्यावर दाण्यांचं रबर नव्हतं. बोटभर जाडीचा स्पंज होता. बावन्न साली मुंबईत एका जपानी खेळाडूनं असल्याच बॅटनं जगातल्या भल्याभल्यांना घरी पाठवलं, हे नानाजींनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. या बॅटचा विशेष असा की तिचा आवाजच येत नसे. चेंडू स्पंजात बुडे, आत काही खलबत होई, आणि मग तो अचानक बाहेर पडे, आला त्याहून वेगात. जगदेवनं ती आणल्यापासून कस्तुराबाई त्याच्याकडून सरळ हरत होत्या. कान लावून खेळणाऱ्या माणसाला मुका चेंडू दिला की हात उशिरा उठतो.

"त्याच्या बॅटले आवाज नाई," त्या घरी म्हणाल्या. "आवाज नसलेलं कामच खोटं."

पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण जिंकणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका शालिग्रामला होती, आणि ती घेऊन तो कामाला लागला.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो मोटेला तेल लावत बसला होता. विहिरीवरची मोट चामड्याची. उन्हाळ्यात ती वाळून चिरू नये म्हणून करंजाचं तेल चोळून ठेवतात. तेल जिरलं की चामडं फुगतं, मऊ होतं आणि वर्षभर पाणी धरतं. शालिग्रामचा बाप हेच करी, आजाही करी. वाटीत तेल उरलं. समोर खुंटीवर बॅट होती. शालिग्रामनं तिचं रबर बोटानं दाबून पाहिलं. अगदी वाळलेल्या मोटेसारखं.

त्याचा विचार कुठेही चुकीचा नव्हता. मोट वाळते, रबर वाळतं. मोट तेलानं सुधारते. त्यानं बॅटच्या दोन्ही बाजूंना हात ओला करून तेल चोळलं, पुन्हा चोळलं, उरलेलं ओतलं आणि बॅट मोटेच्या शेजारी उन्हात ठेवली. बायकोला सांगितलं नाही. आयुष्यात एकदा तरी तिला न विचारता तिच्या उपयोगी पडावं, ही इच्छा नवऱ्याला होणं साहजिक आहे.

आखाजीच्या सकाळी गोदामात अर्धं जऊळकं होतं. कस्तुराबाईंनी फडक्यातून बॅट काढली आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. रबर फुगून टम्म झालं होतं. दाणे ज्वारीएवढे होते ते तुरीएवढे दिसत होते. करंजाचा वास दारापर्यंत गेला.

"हे कोनं केलं?"

"म्या," शालिग्राम म्हणाला.

"काहून?"

"कडक झालं होतं."

"म्हून? मी काय नरम होती?"

नानाजींनी आपली बॅट पुढे केली. तिचं रबर केव्हाच गळून गेलं होतं आणि नुसती फळी उरली होती. कस्तुराबाईंनी ती परत दिली. "दुसऱ्याच्या बॅटनं हारलं तर दुसराच हारल्यावानी होते."

जगदेवनं वास घेतला. "नानाजी, तेलाची बॅट चालते का?"

"नियमात तेलाबद्दल काही नाही," नानाजी म्हणाले. ते सामन्याचे पंच होते आणि पांढरी टोपी घालून आले होते. "स्पंजाबद्दलही नाही, म्हणून तुमची चालते."

डाव सुरू झाला आणि पहिल्याच फटक्याला चेंडू आढ्याला लागला.

दुसरा कुटाराच्या ढिगावर. तिसरा नानाजींच्या टोपीवर. कस्तुराबाई थापत होत्या तसंच थापत होत्या, पण हाताला सांगितलेलं बॅट ऐकत नव्हती. जोरात मारलं की चेंडू रबरात रुतून खालच्या फळीपर्यंत जाई, आणि सगळा जोर तिथेच मरे किंवा भलत्या दिशेला फुटे. हळू अडवायला जावं, तर नुसत्या स्पर्शानं चेंडू उडून टेबलाबाहेर जाई. "ठण्ण" कुठेच नव्हतं. "थप्" असा, शेणाचा पो पडावा तसा आवाज येत होता.

"वहिनीचा हात आज तेलकट पडला!" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. शालिग्राम हसला नाही. त्याचं तोंड पाहून जगदेवलाही क्षणभर वाईट वाटलं असावं, कारण पुढचा गुण त्यानं जरा सावकाश मिळवला.

जगदेवचे दहा गुण झाले तेव्हा कस्तुराबाईंचे तीन होते. नियमाप्रमाणे बाजू बदलायची होती. भासरा एका अंगानं, सून दुसऱ्या अंगानं, पाठ वळवून अशी अदलाबदल झाली. शालिग्रामनं चिंचोणीचा, चिंचेच्या गोड पाण्याचा, पेला पुढे केला.

"मी चुकलो," तो हळूच म्हणाला. "तुवं टेबल गेलं माझ्यापायी."

कस्तुराबाईंनी पेला घेतला नाही. त्या अंगठ्यानं रबर दाबून पाहत होत्या. अंगठा रुतला, सोडल्यावर रबर सावकाश वर आलं.

"गेलं कुठी?" त्या म्हणाल्या. "हे बॅट थापाची नाई राह्यली. पाखडाची झाली."

सुपानं पाखडताना कोणी जोर लावत नाही. सूप खालून वर येतं, मनगटाला शेवटी एक झटका बसतो, दाणा सुपात फिरतो आणि फोल उडून जातं. कस्तुराबाई हे रोज करत आल्या होत्या, पण टेबलावर तो हात त्यांनी कधी काढला नव्हता; कडक रबरावर त्याचा उपयोगच नव्हता, चेंडू वर थांबतच नसे. आता थांबत होता. त्यांनी चेंडू खालून घासून उचलला. चेंडू जाळीवरून अगदी आळसात गेला, टेबलावर पडला, आणि पडल्यावर मात्र पुढे अशी उसळी घेतली की जगदेवचा स्पंज त्याला लागला आणि चेंडू सरळ कौलांत गेला.

"हे काय होतं?" जगदेव म्हणाला.

नानाजींनी टोपी नीट केली. "फिरकी. तुमचा स्पंज नरम. तो दुसऱ्याची फिरकी आपल्या अंगावर घेतो."

पुढचा अर्धा तास गोदामात कोणी कुटाराकडेही पाहिलं नाही. कस्तुराबाई पाखडत होत्या. कधी वर, कधी सूप उलटं धरून खाली कापल्यासारखं. जगदेवचे चेंडू एकदा आढ्याला जात, एकदा जाळीत. त्याच्या मुक्या बॅटची ऐट गेली होती, कारण कस्तुराबाई आता आवाज ऐकतच नव्हत्या, चेंडूकडे पाहत होत्या. ते त्यांना आधी कोणी सुचवलं असतं तर त्यांनी मानलं नसतं.

सतराच्या सुमाराला भांडण झालं. कस्तुराबाईंचा चेंडू टेबलाच्या कोपऱ्याला चाटून गेला. जगदेव म्हणाला, "औट."

"औट कसा?" कस्तुराबाई मोठ्यानं म्हणाल्या, सरळ त्याच्याकडे पाहून. "कोपऱ्याले लागला ना! डोळे हायेत का गोट्या?"

भासऱ्याला तोंडावर, गावासमोर. पदर दातांतून सुटला होता. कोणीतरी खोकलं. जगदेव बॅट हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याला काय करावं ते सुचेना, कारण अशा प्रसंगाची रीत कोणी घालूनच दिली नव्हती.

"त्या चेंडूला बोलल्या," नानाजी म्हणाले. "आणि चेंडू लागलेला आहे. गुण कस्तुराबाईंचा."

"चेंडूले बोलली व्हय," जगदेव म्हणाला, आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मंग ठीक हाय. चेंडूले लय बोलाव लागते कधी कधी."

मात्र जगदेव काही बावळट नव्हता. त्याला लवकरच कळलं की जोर केला की आपलाच स्पंज आपल्याला दगा देतो. त्यानं मारणं बंद केलं आणि चेंडू नुसता हळू परतवायला लागला. गुण बरोबरीत आले, वीस-वीस झाले, आणि पुढे एक कस्तुराबाईंचा झाला. वीस-वीसनंतर दोन गुणांनी पुढे जावं लागतं; आता आणखी एकच मिळाला की टेबल त्यांचं.

जगदेवनं परतवलेला चेंडू या वेळी जरा जास्त उंच उठला. जाळीच्या वर, हातभर, कस्तुराबाईंच्या उजव्या हाताला. असला चेंडू म्हणजे त्यांच्या जन्माचं बोलावणं. जऊळक्यातल्या प्रत्येक माणसाला आता काय होणार ते माहीत होतं. जगदेवलाही होतं, तो तीन पावलं मागे सरून, बॅट छातीपुढे धरून, थाप झेलायला तयार उभा राहिला. कस्तुराबाईंनी पदर दातांत घेतला, हात खांद्यामागे नेला.

आणि थापलं नाही. हात पुढे आला तो निम्म्यातच हलका झाला. बॅट चेंडूखाली नुसती धरली, उतरंडीवर शेवटचं गाडगं ठेवावं तशी. फुगलेल्या रबरानं चेंडूचा सगळा वेग पिऊन टाकला. चेंडू जाळीवरून जेमतेम पलीकडे गेला, टेबलावर एकदा टिपला, दुसऱ्यांदा टिपला. जगदेव धावत आला तोवर तो तिसऱ्यांदा टिपून टेबलाच्या मधोमध फिरत होता.

कस्तुराबाईंनी न घेतलेला चिंचोणीचा पेला शालिग्रामनं स्वतःच पिऊन टाकला.

जगदेवनं जाळीकडे पाहिलं, मग भावाकडे. "सांग तिले, टेबल खेळाचं."

"टेबल खेळाचं म्हन्ते," शालिग्रामनं सांगितलं.

"आयकलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "खुर्च्या मंग बोलवू नका म्हना. कुठी ठेवसान?"

करंजाच्या तेलानं रबर जितकं सुधारायचं तितकं सुधारलं आणि मग थांबलं नाही. पोळ्यापर्यंत ते गूळ झालं आणि फळीवरून ओघळायला लागलं. त्या मधल्या काळात जगदेवनंही आपल्या स्पंजाला गुपचूप तेल पाजलं होतं. स्पंजाची दोन दिवसांत भजी झाली. नानाजींनी भुसावळहून नवं दाण्यांचं रबर मागवलं. ते ना कडक होतं ना नरम. कस्तुराबाईंनी ते अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाल्या, "याच्यावर दोन्ही होते. थापताबी येते, पाखडताबी येते. पैले काहून नाई आनलं?" आधी त्यांनीच नको म्हटलं होतं, हे नानाजींनी त्यांना सांगितलं नाही. नोकरीत ते याच गुणावर टिकले होते.

टेबल गोदामाच्या मधोमधच राहिलं. पंचायत त्याच्या कडेनं सतरंजी टाकून भिंतीला टेकून बसायला लागली. सभा भरे दुपारी. उन्हं कलली की कस्तुराबाई बॅट घेऊन दारात येत, काही न बोलता उभ्या राहत, आणि शालिग्राम, जो आता पंचायतीत पंच होता, घसा साफ करून म्हणे, "दादा, जाळी बांधाची हाय म्हन्ते." तेवढ्यावर सभा संपे. विषय उरलेले असोत वा नसोत. तालुक्यातल्या बाकीच्या पंचायतींच्या सभा दिवे लागले तरी चालत. जऊळक्याची कधी चालली नाही. पुढे पुढे जगदेवनं भांडणाचे विषय मुद्दाम शेवटी ठेवायला सुरुवात केली.